कोयता, तलवार आणि कलम सदतीस

उसाचा हंगाम सुरू झाला की इचलकरंजीच्या चहूबाजूंना कोयते दिसू लागतात. गंगानगरचा पंचगंगा, हुपरीचा जवाहर, शिरोळचा दत्त अशा कारखान्यांसाठी बीडकडून आलेल्या टोळ्या पहाटेच फडाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या बाईच्या पाटीत भाकरीच्या फडक्याला लागूनच कोयता असतो, मुठीवर चिंधी गुंडाळलेली, पातं दगडावर घासून पांढरं झालेलं. नाक्यावरचा हवालदार त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तोच कोयता रात्री अकरा वाजता मलाबादे चौकातून जाणाऱ्या एखाद्या पोराच्या गाडीच्या डिकीत सापडला, की पंच बोलावले जातात, पातं मोजलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१), १३५' अशी ओळ येते.

लोखंड तेच, लांबी तीच, धारही तीच. पोराचे घरचे ठाण्यात येऊन म्हणतात, "अहो साहेब, शेतातला कोयता हाय तो." कधी ते खरंही असतं. पण लायसन नसलेल्या माणसाने काय बाळगावं आणि काय बाळगू नये, याचं उत्तर आपल्याकडे फक्त वस्तू बघून मिळत नाही. जागा, तारीख, वेळ आणि कारण या चारही गोष्टी विचारल्या जातात. बहुतेकांना यातली फक्त वस्तूच ठाऊक असते.

आधी बंदुकीचं बघू, कारण तिथे गोंधळ कमी आहे. शस्त्रं, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत आहे, पाचव्या क्रमांकाला. म्हणजे बंदुकीचा परवाना महाराष्ट्रात एक आणि कर्नाटकात दुसऱ्याच नियमाने, असं होत नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये, लिटन व्हाइसरॉय असताना, हिंदी माणसाच्या हातातून हत्यार काढून घेणारा कायदा केला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम, म्हणजे पेपरातल्या ओळीतला 'हत्यार कायदा', आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे, आणि मोठी दुरुस्ती २०१९ ची.

या कायद्याचं तिसरं कलम सरळ आहे. परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा त्याची गोळी घेणं, जवळ ठेवणं, घेऊन फिरणं, तिन्ही गुन्हे. घरात कुलपात ठेवली म्हणून सुटका नाही. वाढदिवसाच्या रीलमध्ये कमरेला 'घोडा' लावून उभं राहणाऱ्यांना वाटतं की उडवला नाही म्हणजे काही केलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसता गावठी कट्टा जवळ बाळगल्याला किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद आहे, वर दंड. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्या परवानाधारकासाठीही त्याच दुरुस्तीत वेगळी शिक्षा घातली: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिसऱ्या कलमाखालचा खटला उभा करायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ही मात्र आरोपीच्या बाजूची एक कडी आहे. ती मंजुरी डोकं न लावता दिली असेल, तर वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तरीही या कलमात परवाना नसलेल्याला एक छोटं दार ठेवलेलं आहे, आणि ते बऱ्याच घरांना माहीत नसतं. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस ती बंदूक दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी घेऊन जाऊ शकतो. म्हातारे वडील गुडघ्यांनी अडले आहेत, नूतनीकरणाची तारीख आली आहे, तर त्यांच्या सहीची चिठ्ठी आणि मूळ परवाना घेऊन मुलगा बंदूक नेऊ शकतो. चिठ्ठी नसेल तर तोच मुलगा रस्त्यात विनापरवाना बंदूक बाळगणारा ठरतो. वडिलांची आहे, हे तोंडी सांगणं पुरत नाही.

वयाची अट २१ वर्षांची आहे. मग कोल्हापूरची शाळकरी मुलं नेमबाजी शिकतात ती कशी? या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं. त्यांची सुरुवात काही एकविसाव्या वाढदिवसानंतर झालेली नाही. लक्ष्यवेधाच्या सरावासाठी, देखरेखीखाली, कमी वयाच्या मुलामुलींना बंदूक हाताळू देण्याची सोय कायद्यातच आहे. छर्‍याच्या एअरगनचं गणित वेगळं. ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र मात्र घेतो. ती घेऊन बाजारातून मिरवत जाणाऱ्याला परवान्याची सूट आहे, शहाणपणाची नाही. लांबून बघणाऱ्याला २० जूल दिसत नाहीत.

मिरचीच्या फवाऱ्याबद्दल मुली नेहमी विचारतात. तो हत्यार कायद्यात येत नाही, पर्समध्ये ठेवता येतो. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, एवढंच.

आता पात्यांकडे येऊ. खरा गुंता इथे आहे, आणि आपल्या भागात गुन्हेही बंदुकीपेक्षा पात्यांचेच जास्त ऐकू येतात: तलवार, कोयता, सुरा, गुप्ती, एडका. बंदुकीला सगळीकडे परवाना लागतो, पण पात्याला तो चौथ्या कलमाने लागतो, आणि तेही केंद्र सरकारने अधिसूचना काढून ज्या भागात, ज्या प्रकारच्या शस्त्रांसाठी ते लागू केलं असेल तिथेच. म्हणून 'चार-पंचवीस'च्या खटल्यात जागा आणि अधिसूचना हे दोन्ही कागदावर असावे लागतात. नियमांच्या परिशिष्टात पाचवा वर्ग आहे तो तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, फरशा, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा. पंचनाम्यात पट्टी लावून पातं मोजतात ते यासाठी. मुठीसकट लांबी आणि नुसत्या पात्याची लांबी या वेगळ्या लिहिलेल्या नसतील, तर पुढे कोर्टात त्यावर अर्धा तास जातो.

याच वर्गात एक अपवाद आहे, आणि इचलकरंजीसारख्या गावाचं रोजचं जगणं त्या अपवादावर चालतं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यात येत नाहीत. स्वयंपाकघरातली विळी, खाटकाचा सत्तूर, मागावर सूत कापायची कात्री, फडातला कोयता. कायद्याच्या व्याख्येतच असंही म्हटलं आहे की फक्त घरगुती वा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, ही 'शस्त्रं' नाहीत. मग डिकीतल्या कोयत्याला चौथं कलम लागतं कसं? पोलिसांचं म्हणणं असतं की बनवला शेतीसाठी असेल, बाळगला मारामारीसाठी. बचावाचं म्हणणं असतं की कायदा 'बनवला कशासाठी' हे विचारतो. दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी आहे. माझं मत विचाराल तर शब्द वाचल्यावर पारडं बचावाकडे झुकतं. म्हणूनच पोलीस नुसत्या ४, २५ वर विसंबत नाहीत, मागे ३७ आणि १३५ जोडतात.

तलवारीला असा आडोसा नाही. तिचा शेतीशी संबंध नाही, कारखान्याशीही नाही. आणि महाराष्ट्रात तलवारीचं जेवढं कौतुक आहे तेवढं क्वचितच कुठे असेल. सत्कारात शाल-श्रीफळासोबत तलवार भेट दिली जाते, खंडेनवमीला तिची पूजा होते, कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद मर्दानी खेळ शिकवतात. २०२४ च्या शिवजयंतीला तर राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ज्याचं पातं ९ इंचांच्या कितीतरी पुढे जातं! एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने पट्टी, असा हा प्रकार आहे. त्यात विसंगती आहे हे कबूल करावं. पण वाढदिवसाला भर चौकात टेबल टाकून तलवारीने केक कापणारा आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच टाकणारा पोरगा जेव्हा "आमची परंपरा हाय" म्हणतो, तेव्हा त्याच्याबद्दल सहानुभूती वाटत नाही. पोलिसांना पुरावा शोधायलाही जावं लागत नाही. चौथ्या कलमात बाळगणं आणि घेऊन फिरणं दोन्ही आहे, तेव्हा 'भिंतीवरच टांगलेली होती' हेही आपोआप उत्तर होत नाही. खेळण्यातली, धार लावताच येणार नाही अशी तलवार मात्र व्याख्येबाहेर आहे. मिरवणुकीतल्या मावळ्यांच्या हातात ती दिलेली बरी.

धर्माच्या अंगाने शिखांच्या कृपाणाला घटनेनेच जागा दिली आहे, पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात. नांदेडला हुजूर साहिबला गेलेल्याने ते पाहिलेलं असतं. बंदुकीतही असा एक जुना अपवाद शेजारच्या कर्नाटकात आहे. कोडगूच्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना ठरावीक बंदुका परवान्याशिवाय ठेवता येतात. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. आपल्याकडच्या कुणा पाटलाला किंवा इनामदाराला 'आमच्या घराण्याला पूर्वापार आहे' म्हणून अशी सूट सांगता येत नाही.

आणि आता ते सदतीस. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. बंदुकीचा परवाना केंद्राच्या कायद्याने मिळतो, पण आज रात्री तुमच्या गल्लीत काय घेऊन फिरायचं नाही हे या राज्याच्या कायद्याने ठरतं. कलम ३७ (१) खाली जिल्हादंडाधिकारी, किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, सार्वजनिक शांततेसाठी मनाई आदेश काढतात. यादीत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या येतात, आणि पुढे एक शेपूट आहे: शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. ॲसिडसारखे दाहक पदार्थ, फेकायला गोळा केलेले दगड, प्रेतांचं किंवा पुतळ्यांचं प्रदर्शन, प्रक्षोभक घोषणा हेही त्यात. म्हणजे हत्यार कायद्याने जी लाठी 'शस्त्र नाही' म्हणून सोडली, ती या आदेशाच्या काळात पुन्हा पकडली जाते. कोयता शेतीचा की भांडणाचा हा वादही इथे बाजूला पडतो, कारण इथे घडणीचा प्रश्नच नाही, इजा होऊ शकते का एवढंच बघतात. जिल्ह्यात गणेशोत्सव, मोहरम, निवडणूक, एखादं आंदोलन, काहीही आलं की हे आदेश निघतात, बहुधा १५ दिवसांचे, संपले की पुन्हा नवे. पोलिसाला वस्तू जागेवर काढून घेता येते आणि ती सरकारजमा होते. आदेश मोडल्यास कलम १३५ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद. कोर्टाने खास कारणं नोंदवली नाहीत तर ४ महिन्यांहून कमी नाही.

हे आदेश जाहीर करण्याचं बंधन कायद्यात आहे. ते होतंही: पेपरच्या आतल्या पानावर, दोन कॉलमांत, निविदा आणि वधू-वर यांच्या मधोमध. मला यातली तक्रार करण्यासारखी गोष्ट हीच वाटते. ज्या कागदामुळे सरळमार्गी माणूस चार महिन्यांचा धनी होऊ शकतो, तो कागद चावडीच्या फलकावर, यंत्रमागाच्या शेडच्या दारात, एसटी स्टँडवर ठळक लागला पाहिजे. आदेशाच्या शेवटी सूट कुणाला ते लिहिलेलं असतं, कर्तव्यावरचे सरकारी नोकर वगैरे. तो परिच्छेद आधी वाचावा.

इचलकरंजीत आणखी एक घोळ २०२२ पासून होतो. नगरपालिकेची महापालिका झाली, आयुक्त आले, आणि लोकांना वाटलं आता परवान्याचा अर्ज आयुक्तांकडे. महापालिका आयुक्त नळ, गटारं आणि घरफाळा बघतात. पोलीस आयुक्तालय इथे नाही, शहरातली शिवाजीनगर, गावभाग, शहापूर ही ठाणी कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांखालीच आहेत. त्यामुळे बंदुकीचा परवाना देणारे कोल्हापूरचे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि नाकारल्यास अपील असतं. कायद्यात एक सुंदर ओळ आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. व्यवहारात कमरेला पिस्तूल कुणाच्या दिसतं ते मी सांगायला नको. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोन बंदुका, पूर्वी तीन होत्या. परवाना ५ वर्षांचा.

परवाना मिळाला तरी तो कुठवर चालतो हे त्यावरच लिहिलेलं असतं. इथून बोरगाव हाकेच्या अंतरावर, पण ते बेळगाव जिल्ह्यात. महाराष्ट्रापुरत्या परवान्यावर पिस्तूल घेऊन सोयरिकीला पलीकडे गेलेला माणूस परवानाधारक असूनही अडचणीत येतो. यात्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेण्याला परवान्याच्या अटीतच बंदी असते. सार्वजनिक ठिकाणी ते झाकलेलं असावं, म्यानात असावं, परजायचं नाही.

अमेरिकेत हे सगळं उलट्या टोकाने चालतं, आणि इचलकरंजीची बरीच पोरं आता तिकडे असल्याने ते सांगायला हवं. तिथे बंदूक जवळ ठेवण्याचा हक्क घटनेत आहे, आणि ती घेऊन फिरायला परवाना लागतो का हे राज्यागणिक बदलतं. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अट काढली होती. टेक्ससने १ सप्टेंबर २०२१ पासून ती काढली. न्यू जर्सीत, जिथे मराठी मंडळांची इतकी घरं आहेत, परवाना लागतोच. टेक्ससची मोकळीक न्यू जर्सीच्या हद्दीत चालत नाही. पण आपल्या मुलांसाठी त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेचा केंद्रीय कायदा सर्वसाधारणपणे बंदूक बाळगूच देत नाही, शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद सोडून. राज्याने मोकळीक दिली तरी ती त्याच्यासाठी नाही. डॅलसमधल्या मित्राने "इथे सगळं चालतं" म्हटलं तर तो बहुतेक ग्रीन कार्डवाला असतो.

इकडे स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, आणि तो परवाना असलेल्या-नसलेल्या सर्वांना आहे. अंगावर आलेल्याला जवळच्या फावड्याने रोखणं वेगळं आणि 'कुणी आलं तर' म्हणून रोज सुरा लावून फिरणं वेगळं. 'जिवाला धोका होता' या कारणाने विनापरवाना बंदूक माफ होत नाही, हे संजय दत्तच्या खटल्याने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या त्या खटल्यात शस्त्र कायद्याखालचा त्याचा दोष सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवला, शिक्षा ५ वर्षांवर आणली आणि उरलेली त्याने येरवड्यात भोगली. त्याच्याच प्रकरणात १९९४ मध्ये न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली होती. वस्तू बाळगणं म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं. आपल्या ताब्यात काय आहे याची कल्पनाच नसेल तर तो ताबा धरत नाहीत. उजळाईवाडीच्या विमानतळावर एखाद्याच्या जुन्या बॅगेच्या अस्तरात काडतूस निघालं, तर सगळा वाद याच मुद्द्यावर येतो. ती बॅग कुणाची, आधी कुणी वापरली, घरात परवानाधारक आहे का.

जुन्या वाड्यांत हा प्रसंग वेगळ्या रूपाने येतो. परवानाधारक आजोबा जातात, तेराव्यानंतर कपाट उघडतं, आत डबल बार आणि काडतुसांची पेटी. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. त्या घटकेपासून ती बंदूक घरातल्या कुणाचीच कायदेशीर नसते, मोठ्या मुलाचीही नाही. एकविसावं कलम सांगतं की ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, किंवा परवाना असलेल्याला विकता येते, पण दोन्ही ती जमा असतानाच. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होते. 'वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू' असं म्हणणाऱ्या घरांत नेमका हाच गुन्हा घडतो. नेताना बंदूक रिकामी करून, पिशवीत बांधून, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना सोबत घेऊन जावं, आधी ठाण्यात फोन करून सांगावं, आणि जमा केल्यावर बंदुकीचा नंबर व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नये.